सलीम नेहमी मित्रच का?

या सदरात आपण बहुतेक वेळा शाळा, अभ्यास आणि घरातली मुले यांविषयी बोलतो. या वेळी सिनेमाविषयी बोलायचे आहे, तेही हलक्याफुलक्या प्रेमाच्या सिनेमाविषयी. काही वाचकांच्या कपाळाला आठी पडेल. ‘इश्क-मोहब्बतीचे सिनेमे हा आपल्या मासिकाचा विषय आहे का?’ असे कोणी विचारले तर तो प्रश्न रास्त आहे. पडद्यावर काय पाहावे आणि कुठे नजर खाली करावी, याचा हिशेब प्रत्येक घराने आपापला करावा. मी कोणाला सिनेमा पाहा असे सांगत नाही. पण तो पाहिला जातो. थिएटरात नाही तर टीव्हीवर, टीव्हीवर नाही तर पांघरुणात धरलेल्या मोबाइलवर. मुले जे पाहत मोठी होतात त्यात त्यांना स्वतःचे घर दिसते का, हा प्रश्न अभ्यासाइतकाच आपला आहे.

लग्न जुळवण्याच्या गोष्टीत हसू आपोआप येते. मुलाकडचे वेळेआधी येऊन धडकतात, आतल्या खोलीत धावपळ होते, एखादी फुफी नको ते बोलून जाते. मराठी सिनेमाने या हशावर चांगली चित्रे उभी केली आहेत. 2010 मध्ये सतीश राजवाडे यांचा ‘मुंबई-पुणे-मुंबई’ आला. मुंबईची मुलगी स्थळ नाकारायच्या विचाराने पुण्याला येते आणि एका अनोळखी मुलाबरोबर दिवसभर वाद घालते, एवढीच त्याची गोष्ट. लोकांना ती इतकी आवडली की पुढे त्याचे आणखी दोन भाग निघाले. त्या गोष्टीत असे काय आहे जे आपल्या घरात घडत नाही? स्थळ पाहणे आपल्याकडेही आहे. मुलीच्या मनात नसताना घरच्यांनी पुढे रेटणे आहे, ‘मुलगा चांगला आहे पण उंची कमी’ हेही आहे. फक्त आपण त्याला रिश्ता म्हणतो.

आता एक सोपा प्रश्न. ज्यात मुलाचे नाव इम्रान आहे, मुलीचे सुमय्या आहे, दोघांच्या घरात मराठी बोलली जाते आणि सगळा गोंधळ फक्त लग्न जुळण्याचा आहे, असा गाजलेला मराठी सिनेमा पटकन आठवतो का? 2011 च्या जनगणनेनुसार महाराष्ट्रात सुमारे 1 कोटी 30 लाख मुस्लिम राहतात, लोकसंख्येच्या साडेअकरा टक्के. चिपळूणला, मिरजेला, सोलापूरला आणि आपल्या वसई-विरारच्या पट्ट्यात दर शुक्रवारी-रविवारी निकाह लागत असतात. त्यातला एकही लक्षात राहील असा मराठी पडद्यावर लागू नये, ही गोष्ट विचार करण्यासारखी आहे.

‘सिनेमात तर सगळे खानच आहेत’ असे कोणी म्हणेल. खरे आहे, पण कलाकार असणे आणि पात्र असणे यात फरक आहे. आमिर खान 1988 मध्ये ‘कयामत से कयामत तक’मध्ये राज झाला. सलमान खान ‘मैंने प्यार किया’ (1989) आणि ‘हम आपके हैं कौन’ (1994) या दोन्हींत प्रेम होता. शाहरुख खान ‘दिलवाले दुल्हनिया ले जाएंगे’त (1995) राज आणि ‘कुछ कुछ होता है’त (1998) राहुल झाला. आधीच्या पिढीत युसूफ खान यांना पडद्यावर येताना नावच बदलून दिलीप कुमार व्हावे लागले. नंतरच्यांनी स्वतःचे नाव राखले, पण पात्राचे नाव मात्र बहुतेक वेळा दुसऱ्याच घरातले होते. यात त्या कलाकारांचा दोष नाही. ज्याला सगळा देश जावई म्हणून मनात धरतो, त्याने पडद्यावर राज असावे हे बाजाराने ठरवले.

मग मुस्लिम पात्रे नव्हतीच का? होती, आणि एके काळी तर त्यांचा वेगळा वर्गच होता. त्याला ‘मुस्लिम सोशल’ म्हणत. 1960 चा ‘चौदहवीं का चाँद’, 1963 चा ‘मेरे महबूब’. पडद्याआडून झालेली एक नजर, ओळखीचा घोटाळा, मित्रासाठी केलेली कुर्बानी, लखनौची हवेली नाही तर अलीगढची युनिव्हर्सिटी. आपल्या आधीच्या पिढीने हे सिनेमे डोळ्यांत पाणी आणून पाहिले. भाषा गोड होती, अदब होती. पण ती घरे कोणाची होती? नवाबांची. यंत्रमागावर रात्रपाळी करणाऱ्या मालेगावच्या माणसाचे घर त्यात नव्हते, मासळी सुकवणाऱ्या कोकणातल्या बाईचे नव्हते. ज्यांनी नवाब कधी पाहिलेही नाहीत अशा लाखो मुस्लिमांची ओळख त्या झुंबरांखाली हरवली. पुढे झुंबरे गेली तशी पडद्यावरची ती घरेही गेली.

उरला तो मित्र, शेजारी, दुकानदार. सई परांजपे यांच्या ‘चश्मे बद्दूर’मध्ये (1981) सईद जाफरी यांचा लल्लन मियाँ आठवा. तीन पोरांना उधारीवर सिगारेटी देणारा, उधारीवरून चिडणारा आणि तरी त्यांच्या प्रेमाची काळजी करणारा. किती जिवंत माणूस! ‘हम आपके हैं कौन’मध्ये शेरोशायरी करणारे डॉक्टर आणि त्यांची पत्नी आहेत. मराठीत पाहायचे तर नागराज मंजुळे यांचा ‘सैराट’ (2016) घ्या. तो हलकाफुलका सिनेमा नाही, शेवट काळीज चिरणारा आहे. पण पहिला अर्धा भाग खळखळून हसवतो आणि त्या हसण्यात परश्याचा मित्र सल्या, म्हणजे सलीम, बरोबरीने सामील आहे. मला सल्या फार महत्त्वाचा वाटतो. तो करमाळ्याकडची मराठी बाकीच्या पोरांसारखीच बोलतो. दर वाक्यात ‘या अल्लाह’ म्हणत नाही, कोणी त्याच्याकडून कसला पुरावा मागत नाही. मैत्रीत तो जीव ओततो. मात्र सल्याच्या स्वतःच्या लग्नाची चिंता कोणाला आहे, हे सिनेमा सांगत नाही. ती त्या सिनेमाची गोष्टच नाही, म्हणून तक्रारही नाही. पण एकामागून एक प्रत्येक गोष्टीत सलीम मित्रच राहिला, तर सलीमची गोष्ट सांगायची कोणी?

मुस्लिम घर पडद्याच्या मध्यभागी येते तेव्हा बहुधा एखादा प्रश्न घेऊन येते. 1982 च्या ‘निकाह’चा विषय तलाक होता. 2017 मध्ये राजन खान यांच्या कथेवर शिवाजी लोटन पाटील यांनी ‘हलाल’ हा मराठी सिनेमा केला, त्याचा विषयही तलाक आणि त्यानंतर त्या बाईच्या वाट्याला येणारी फरफट. विषय खोटे नाहीत आणि त्यावर बोलायला आपण घाबरू नये. दुसरा प्रकार दोन धर्मांच्या प्रेमाचा. मणिरत्नम यांच्या ‘बॉम्बे’मध्ये (1995) शेखर आणि शैला बानो यांचे लग्न होते आणि गोष्ट थेट दंगलीपर्यंत जाते. म्हणजे आपल्या घरात कॅमेरा शिरतो तो एकतर तलाक झाल्यावर, नाही तर दंगल पेटल्यावर. मधल्या तीनशे साठ दिवसांत आपण काय करतो? भाजी महाग झाली म्हणून कुरकुरतो, पोरीला डी.एड. करू द्यावे की नाही यावर भांडतो, जावई फार कमी बोलतो म्हणून काळजी करतो. हे तीनशे साठ दिवस पडद्यावर येत नाहीत, म्हणून शेजाऱ्यालाही ते माहीत नसतात. ज्याच्या घरातले हसणे कधी ऐकले नाही त्याची भीती वाटणे सोपे असते. पडद्यावरच्या हलक्याफुलक्या गोष्टीचे मोल मला इथे वाटते.

हिंदीत अपवाद झाले आहेत. 2014 मध्ये हबीब फैसल यांचा ‘दावत-ए-इश्क’ आला. हैदराबादची गुलरेझ बुटांच्या दुकानात काम करते, वडील कोर्टात कारकून, आणि प्रत्येक स्थळ हुंड्यापाशी अडते. ती हुंडा मागणाऱ्यांनाच जाळ्यात पकडायला लखनौला जाते आणि तिथल्या कबाबवाल्या तारिकच्या प्रेमात पडते. नायक मुस्लिम, नायिका मुस्लिम, आणि प्रश्न हुंड्याचा, जो साऱ्या देशाचा आहे आणि आपल्याही समाजात मेहरच्या गप्पांआड लपून बसला आहे. ही योग्य दिशा होती. फक्त घर पुन्हा हैदराबाद-लखनौचेच आणि ताटात पुन्हा बिर्याणी-कबाबच. तांदळाची भाकरी आणि सुकटीचे कालवण खाणारा मुस्लिम अजून पडद्यावर जेवायला बसायचा आहे.

आपल्या वसईच्या शेजाऱ्यांकडे पाहू. हिंदी सिनेमातला ख्रिस्ती माणूस वर्षानुवर्षे दारूच्या गुत्त्याचा मालक नाही तर खलनायकाची मोना असायचा. 1979 मध्ये बासू चटर्जी यांनी ‘बातों बातों में’ केला. टोनी ब्रगँझा आणि नॅन्सी परेरा लोकल गाडीत भेटतात. नॅन्सीची आई रोझी मुलीच्या लग्नासाठी इतकी उतावीळ आहे की तिच्या उतावीळपणानेच स्थळ मोडायची वेळ येते. पर्ल पदमसी यांनी ती आई अशी केली आहे की कुठल्याही धर्माच्या बाईला तीत आपली मावशी दिसावी. ते घर वांद्र्याचे. आमच्या वसईत घरी कादोडी बोलणाऱ्या ख्रिस्ती कुटुंबाचे ते चित्र नव्हे. तरी त्या सिनेमाने एक काम केले: ख्रिस्ती घरातही मुलीच्या लग्नाची काळजी असते, मुलगा पगार किती घेतो हे विचारले जाते, हे हसत हसत सगळ्यांना कळले. त्यासाठी कोणाला भाषण करावे लागले नाही.

हे आपल्याच बाबतीत घडू शकते का? केरळकडे पाहिले की उत्तर मिळते. 2012 मध्ये ‘उस्ताद हॉटेल’ हा मल्याळम सिनेमा आला. लेखिका अंजली मेनन, दिग्दर्शक अन्वर रशीद. फैजी परदेशात शिकून येतो, घरच्यांना वाटते हॉटेलचा मॅनेजर होईल, त्याला मात्र स्वयंपाकी व्हायचे आहे. हे कळताच शहानाशी ठरत आलेले लग्न मोडते. मग तो कोझिकोडच्या समुद्रकिनाऱ्यावर हॉटेल चालवणाऱ्या आजोबांकडे, करीमइक्कांकडे जातो. प्रेम, विनोद, जेवण आणि शेवटी गरिबाच्या भुकेची जाणीव. या सिनेमाला लोकप्रिय आणि निकोप मनोरंजनाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. त्यातली माणसे मुस्लिम आहेत हे लपवलेले नाही आणि मिरवलेलेही नाही. ती मल्याळम बोलतात, कारण ती मल्याळी आहेत. 2018 च्या ‘सुडानी फ्रॉम नायजेरिया’त मलप्पुरमच्या फुटबॉल क्लबचा मॅनेजर मजीद आणि घरातल्या दोन म्हाताऱ्या बायका पाहताना मराठी माणसालाही आपल्या गल्लीतल्या आया आठवतात.

केरळात मुस्लिमांची संख्या लोकसंख्येच्या चौथ्या हिश्श्याहून अधिक आहे, त्यामुळे तिथे प्रेक्षक मोठा आहे, हे खरे. पण नुसत्या संख्येने गोष्टी जन्माला येत नाहीत. त्यांच्याकडे वैकोम मुहम्मद बशीर होते. ‘माझ्या आजोबांचा एक हत्ती होता’ अशा अर्थाच्या नावाची त्यांची कादंबरी 1951 ची. घराण्याच्या जुन्या हत्तीवर फुगलेली आई, भोळी कुंजुपात्तुम्मा आणि शिकलेला निसार अहमद यांची ती साधी प्रेमकथा. बशीर आपल्याच लोकांच्या खोट्या मोठेपणावर हसले, आणि त्यांच्यावर प्रेम करत हसले. आधी कागदावर असे हसणे आले, मग साठ वर्षांनी पडद्यावर ‘उस्ताद हॉटेल’ उभे राहिले.

मराठीत आपल्याकडे काहीच नाही असेही नाही. शफाअत खान यांनी ‘भूमितीचा फार्स’, ‘मुंबईचे कावळे’, ‘शोभायात्रा’ अशी नाटके मराठीत लिहिली, आणि फार्सची त्यांची पकड मराठी रंगभूमीने मानली. 1990 मध्ये सोलापूरला मुस्लिम मराठी साहित्य संमेलन भरले, तेव्हापासून कविता, आत्मकथने, वैचारिक लेखन बरेच आले. पण आपल्या लेखनाचा सूर बहुधा दुःखाचा किंवा खुलाशाचा असतो. ‘आम्ही असे नाही’ हे सांगण्यात पाने संपतात. ‘आम्ही असे आहोत, आणि आमची नन्नीखाला तर अशी आहे की काय सांगू!’ ही सुरुवात क्वचित दिसते. दुःख खरे आहे, खुलासाही लागतो. पण प्रेक्षक ज्याच्याबरोबर हसतो त्याला तो आपला मानतो, आणि नुसता खुलासा ऐकून कोणी कोणाला घरी जेवायला बोलावत नाही.

विनोदाला कडू विषयही चालतो. ‘अशी ही बनवाबनवी’ (1988) आपण सगळ्यांनी इतक्यांदा पाहिला आहे की पुढचे वाक्य आधी म्हणतो. सचिन पिळगांवकर यांच्या त्या सिनेमाचा पाया काय? पुण्यात राहायला जागा मिळत नाही. जागेसाठी दोघे मित्र बायकांचा वेश घेतात आणि त्यातून प्रेमाचे सगळे घोटाळे होतात. आता कल्पना करा, त्या चौघांत पाचवा रफिक आहे. त्याला लुगडे नेसून भागले असते का? त्याला आधी आडनाव बदलावे लागले असते! भाड्याने घर शोधताना नाव सांगितल्यावर ‘जागा कालच गेली’ हे उत्तर ज्यांनी ऐकले आहे, त्यांना हा विनोद कळेल. आणि ज्यांनी ऐकलेले नाही त्यांनाही तो आधी हसवील, मग घरी जाताना विचार करायला लावील. असा सिनेमा मराठीत होऊ शकतो. त्यात कोणाला शिव्या द्यायची गरज नाही.

निर्मात्यांची अडचण मी समजू शकते. 2020 मध्ये एका दागिन्यांच्या जाहिरातीत मुस्लिम सासरी हिंदू सुनेचे डोहाळजेवण दाखवले होते. त्यावर इतका गदारोळ झाला की जाहिरात मागे घ्यावी लागली. पाऊण मिनिटाच्या प्रेमळ दृश्याचे असे होत असेल, तर अडीच तासांच्या सिनेमावर पैसा लावणारा दहा वेळा विचार करणारच. म्हणून सगळा भार निर्मात्यांवर टाकून आपण हात झटकू नयेत. आपल्या बाजूनेही एक अडचण आहे. आपल्यावर कोणी हलकासा विनोद केला, आपल्यातल्याच कोणी केला तरी, आपण लगेच दुखावतो. हसणाऱ्या लेखकाला समाजाने थोडी मोकळीक दिली पाहिजे. दीनची टिंगल आणि फुफीच्या स्वभावाची गंमत यातला फरक आपल्याला कळतो. तो कळत असूनही दोन्हींना एकच काठी लावू नये.

हे सगळे मला वर्गात जाणवते. मी उर्दू आणि मराठी दोन्ही शिकवते. ‘घरातले लग्न’ असा विषय उर्दूत दिला की वहीत आपा येते, दुल्हाभाई येतात, काझीसाहेब येतात, वकील आणि गवाह मुलीची इजाजत घ्यायला आत गेल्यावर बाहेरचा श्वास रोखला जातो, वलीम्यात गोड कमी पडते. वाचताना हसू आवरत नाही. तोच विषय मराठीत दिला की त्याच मुलाच्या वहीत रमेश येतो, सुरेशची बहीण येते, मंडपात अक्षता पडतात. रमेशच्या लग्नाविषयी जरूर लिहावे, शेजाऱ्याचे घर माहीत असणे चांगलेच. पण स्वतःचे घर मराठीत लिहायचे सुचूच नये? मराठी त्याला येते. रिक्षावाल्याशी, दुकानदाराशी तो अस्खलित बोलतो. पाठ्यपुस्तकात, टीव्हीवर, सिनेमात मराठी बोलणाऱ्या घरात त्याला कधी आपा दिसली नाही, म्हणून या भाषेत आपाला जागा नसते असे त्याने मनाशी ठरवून टाकले आहे. कोणी त्याला तसे सांगितलेले नाही. तरी ते त्याने शिकले. उद्या हाच मुलगा वालीवच्या एखाद्या गाळ्यात सुपरवायझर होईल किंवा सरकारी कार्यालयात बसेल, मराठीत कामकाज करील, आणि तरीही मनात मराठी ही दुसऱ्याच्या घरची भाषा राहील. हे नुकसान सिनेमाच्या तिकिटात मोजता येत नाही.

मालेगावच्या माणसांनी मात्र कोणाची वाट पाहिली नाही. नासिर शेख आणि त्यांच्या मित्रांनी साध्या व्हिडिओ कॅमेऱ्यावर ‘मालेगाव के शोले’ काढला, पुढे ‘मालेगाव का सुपरमॅन’ काढला. नट कोण? यंत्रमागावरचे, दुकानातले लोक. बोली मालेगावची, विनोद मालेगावचा. फैजा अहमद खान यांनी त्यावर माहितीपट केला, आणि 2025 मध्ये रीमा कागती यांचा ‘सुपरबॉयज ऑफ मालेगाव’ थिएटरांत लागला. आधी मालेगावने स्वतःवर हसून दाखवले, मग मुंबईचा कॅमेरा तिकडे वळला. हा क्रम लक्षात ठेवण्यासारखा आहे.

आपल्याला सिनेमा काढायचा नाही. पण एक छोटे काम प्रत्येक घरात होऊ शकते. या सुट्टीत घरातल्या मुलाला किंवा मुलीला एक पान मराठीत लिहायला सांगा: आपल्या घरातल्या लग्नात झालेला गोंधळ. नावे खरी, नाती आपली: आपा, खाला, दुल्हाभाई. रिश्ता, मंगनी, रुखसत हे शब्द तसेच राहू द्या, मराठीने त्याहून अवघड शब्द पचवले आहेत. शुद्धलेखनाच्या चुका नंतर काढा, आधी मनापासून हसा. नानीला वाचून दाखवा. ती नक्की म्हणेल, ‘अगं, असे नव्हते झाले, मी सांगते.’ आणि मग खरी गोष्ट सुरू होईल. अशा शंभर पानांतून एखादी सुमय्या पुढे लेखिका होईल, इन्शाअल्लाह. आणि तिच्या गोष्टीत लग्न सलीमचेच असेल.